डॉगरिजचा मांडव

मुलुंडच्या त्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर, पार्किंगच्या डोक्यावर, सोसायटीने बाग केली होती आणि बागेच्या कडेला चाळीस द्राक्षवेलींचा मांडव होता. बिल्डरच्या जाहिरातीत त्याला व्हिनयार्ड डेक असं नाव होतं. तीन वर्षांत मांडव इतका माजला होता की खाली भर दुपारी गार सावली पडायची आणि रहिवासी तिथे योगा करायचे. पण त्या चाळीस वेलींवर तीन वर्षांत द्राक्षाचा एक मणीसुद्धा लागला नव्हता.

ऑगस्टच्या एका सकाळी बाग समितीच्या मृणालिनी मॅडम मांडवाखाली आल्या. पार्ल्याच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या बाई. आवाज मऊ, बोलणं गोड, आणि समोरच्याचं ऐकून न घेण्याची सवय पक्की.

"धोंडिराम, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आपण हार्वेस्ट करतोय. तुमच्या दिंडोरीकडचीच वाइन कंपनी येणार आहे. त्यांची ती सातकडा रेड आहे ना, शिराझ आणि कॅबर्नेचा ब्लेंड? आपल्याकडे त्याच दोन जाती आहेत, म्हणून त्यांना बोलावलं. तर यंदा घड यायलाच हवेत हं."

धोंडिराम पगारे खुरपं हातात घेऊन उकिडवा बसला होता, तो उठून उभा राहिला. बावन्न वर्षांचा, अंगाने काटक. उजव्या अंगठ्यावर चाकूच्या जुन्या वणांची जाळी. जे दीड वर्ष पोटात होतं ते त्याने एकदाचं बोलून टाकलं.

"मॅडम, ह्याला घड येणार नाय. कधीच नाय. हे द्राक्षच नाय, हा खुंट हाये."

"म्हणजे?"

"द्राक्षाचं रोप दोन झाडांचं आसतं. खाली मुळाला जंगली जात, डॉगरिज. त्याच्यावर आपल्याला पाहिजे त्या जातीचं कलम. तुमी आणली तवा कलमं बरोबर होती. पह्यल्या उन्हाळ्यात वरचं कलम सुकलं, खालून डॉगरिज फुटला. तवाच्या माळ्याला वाटलं झाड फुटलं. त्याने वरचं वाळकं छाटून टाकलं आन खालचं वाढवलं. हा सगळा मांडव डॉगरिजचा हाये."

त्याने एक पान तोडून त्यांच्या हातावर ठेवलं. गोल, बदामाच्या आकाराचं, मागून पांढुरकी लव. "शिराझचं पान कातरलेलं आसतं. कॅबर्नेचं पान तर भोकं पडल्यासारखं दिसतं. हे बघा कसं ये."

मॅडमनी पान उलटंपालटं केलं. "किती सुंदर आहे पण," त्या म्हणाल्या. "मग उपाय काय?"

"उपाय हाये ना. हे सगळं गुडघ्याइतकं छाटायचं, खुंटावर नवी काडी भरायची. पण आत्ताच. पंधरा सप्टेंबरपर्यंत. मागून काडी धरत नाय. फळ मात्र यंदा नाय येणार, वर्ष जाऊ द्यावं लागंल."

"सगळं छाटायचं? सगळं?" मॅडमनी मान वर करून हिरव्या छताकडे पाहिलं. "बघू. मीटिंगमध्ये मांडते."

आता हे दीड वर्ष त्याने तोंड का उघडलं नाही, हा प्रश्न कुणीही विचारील. धोंडिरामही स्वतःला रोज विचारत होता. कामावर लागला त्याच्या तिसऱ्याच दिवशी त्याला पान ओळखू आलं होतं. पण नवीन माणसाने आल्या आल्या साहेबलोकांना तुमचा मांडव खोटा आहे म्हणून सांगायचं, हे त्याच्या जिभेवर येईना. त्या गप्प बसण्याची त्याला लाज वाटत होती आणि ती लाज भरून काढायची तर हीच संधी होती. एक हंगाम, एक महिना, आणि हातात असलेली कला.

कला तर होतीच. धोंडिराम निफाडचा, कलम भरणाऱ्या टोळीतला. ऑगस्ट-सप्टेंबरात ही टोळी दिंडोरीच्या बागाबागांतून फिरायची. चार माणसं, चार चाकू, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं बंडल. एक जण काडीला पाचर करून द्यायचा, दुसरा खुंट चिरून ती भरायचा, मागचे दोघे पट्टी आवळत यायचे. सकाळी बसलेला माणूस संध्याकाळीच सरळ व्हायचा. ज्या पाथरटेंभीच्या उतारावर सातकडा रेडची द्राक्षं पिकतात, तिथली निम्मी झाडं धोंडिराम आणि त्याचा जोडीदार मार्तंड यांनी भरलेली. पुढे कंपनीने नर्सरीतून तयार कलमं आणायला सुरुवात केली आणि टोळ्या घरी बसल्या. धोंडिरामची मुलगी चेतना तोवर कांजूरमार्गला एका कुरियरच्या ऑफिसात लागली होती. तिच्या मागोमाग तो आणि बायको लता मुंबईला आले.

मीटिंगची वाट न बघता त्याने रविवारी दिंडोरीची एसटी धरली.

पाथरटेंभीचा उतार तसाच होता. वर उघडा खडक, खाली मुरमाड लाल जमीन आणि तिच्यावर कंबरेइतक्या वेलींच्या ओळी. इथे पाऊस पडला तरी थांबत नाही, निथळून जातो. वेलीला मुंबईसारखं चोवीस तास घामाघूम बसावं लागत नाही. म्हणून इथला मणी लहान राहतो, सालीला जाड होतो. खायला कोणी घेणार नाही, पण दारूला तोच लागतो.

मार्तंड अजून तिथेच रखवालीला होता. धोंडिरामची हकिगत ऐकून तो बांधावर बसून हसला, हसता हसता खोकला.

"चाळीस डॉगरिज? आन त्याच्याखाली योगा करून ऱ्हायले?"

"हस तू. काडी दे."

"तुझा फोन आला तवाच साहेबाला इचारलंय मी. दोन ओळीतली घे म्हणला. पण धोंड्या, ते करू देतील का तुला?"

"का नाय देणार? त्यांचंच काम हाये ना ते."

मार्तंडने कात्री उचलली. दोघांनी मिळून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पिकलेल्या, तपकिरी काड्या निवडल्या. शिराझच्या साठ, कॅबर्नेच्या चाळीस. ब्लेंडमध्ये जसं प्रमाण तसंच काड्यांतही ठेवलं. त्याचा काही उपयोग नव्हता, पण मार्तंडला गंमत वाटली. ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर प्लॅस्टिक बांधून, ते गाठोडं मांडीवर घेऊन धोंडिराम परत आला.

कांजूरच्या घरात ओलं गोणपाट ठेवायला एकच जागा होती, मोरी. लताने पहिल्या दिवशी काही म्हटलं नाही. चौथ्या दिवशी ती आंघोळीला गेली आणि तशीच बाहेर आली.

"अहो, ह्या काड्यांवर पाणी मारायचं का माझ्या अंगावर, एकदा सांगा. भांडी घासायची कुठं मी?"

"आठ दिवस गं. मीटिंग झाली की जातील."

"मीटिंग कधी ये?"

मीटिंग रविवारी होती. रविवारी कोरम भरला नाही. पुढच्या रविवारी ती ठरली तर मिथुन निरोप घेऊन आला की गणपती झाल्यावर बघू. मिथुन म्हणजे कंत्राटदाराचा सुपरवायझर, तिशीचा, कायम घाईत आणि मनाने बरा.

"दादा, सोसायटीचा गणपती डेकवर बसतो ना. त्या टायमाला तू मांडव उडवणार? वाट लावतील आपली."

"अरे, गणपती दर वर्षी येणार हाये. ही काडी मरंल."

"काडी दुसरी आण ना यार."

धोंडिरामने कपाळावर हात मारला. रोज पहाटे कामावर जायच्या आधी तो मोरीत बसून गोणपाट उलगडायचा, एकेक काडी बोटांनी चाचपायचा, बुरशी आलेली बाजूला काढायचा, गोणपाट पुन्हा भिजवायचा. शंभराच्या ऐंशी झाल्या, ऐंशीच्या पंचेचाळीस. वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास घरात यायचा आणि चेतना खिडकी लावून घ्यायची. बंद खोलीत गोणपाट आणखी कुबट व्हायचं. "पप्पा, तुम्ही त्यांना मेल करा ना," ती म्हणाली. तिनेच मग मराठीतून आणि इंग्रजीतून मेल लिहिला. उत्तरात हात जोडल्याचं चित्र आलं.

शेवटी दहा सप्टेंबरला मीटिंग झाली. धोंडिराम क्लबहाउसच्या दाराबाहेर दीड तास उभा होता. आत लिफ्टवर, कुत्र्यांवर, पार्किंगवर भांडणं चालली होती. मग मृणालिनी मॅडमनी त्याला आत बोलावलं. तो चपला काढून गेला. आत सगळे चपला घालून बसले होते.

"हे आपले धोंडिराम. ह्यांचं म्हणणं आहे की वेली बदलायला हव्यात."

"बदलायच्या नाय मॅडम, कलम भराय..."

"चाळीस बुंधे नुसते उभे राहणार?" एक गृहस्थ म्हणाले. "किती दिवस?"

"मांडव भरायला सात-आठ महिने. फळ पुढच्या..."

"माझ्या मुलीचा साखरपुडा आहे डिसेंबरात डेकवर. फोटोग्राफरने मांडव बघूनच जागा फायनल केलीय."

"आणि हे डॉग काय म्हणतात ते, ह्याचा काही रिपोर्ट आहे का?" सेक्रेटरी मुकुल साहेबांनी विचारलं. "लॅबचा? कुणी एक्स्पर्टने लिहून दिलेलं?"

धोंडिरामने खिशातून दोन पानं काढली. एक मांडवाचं, एक मार्तंडकडून आणलेलं शिराझचं, वहीत दाबून ठेवलेलं. ती त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही पानं सगळ्यांना दिसत होती. गोल ते गोल आणि कातरलेलं ते कातरलेलं. लहान पोरालाही फरक कळला असता.

"हे वाळलेलं आहे," मुकुल साहेब म्हणाले. "आपलं फ्रेश आहे."

कुणीतरी हसलं. ते हसू वाईट नव्हतं, सहजच होतं, आणि म्हणूनच धोंडिरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मग एक तरी करू द्या," तो म्हणाला. "नमुना म्हणून. एकच येल."

"एकच केली तर मधेच टक्कल पडल्यासारखं दिसेल ना," मृणालिनी मॅडम हळुवार म्हणाल्या. "तुमची तळमळ कळतेय आम्हाला, धोंडिराम. पुढच्या वर्षी नक्की बघू."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चपला कुणाच्या तरी पायाने बाजूला ढकलल्या गेल्या होत्या. एक जिन्यापाशी, एक कुंडीमागे.

दुसऱ्या दिवशी त्याने चाकू धार लावून आणला.

चाळिसावी वेल पंपाच्या खोलीमागे होती. तिथे योगावाले जात नव्हते, फोटोवाले तर नाहीच. धोंडिरामने तिचा मांडवावर चढलेला भाग कापला, बुंधा दीड फुटावर आडवा छाटला आणि गुडघे टेकून बसला. दीड-दोन वर्षांनी हातात कलमाचा चाकू आला होता. खुंट मधोमध चिरला. उरल्यासुरल्या काड्यांतली सगळ्यात ताजी काढली, दोन डोळ्यांची, शिराझची. तिला दोन्हीकडून तासून पाचर केली. एकाच हाताच्या ओढीने, कारण दोनदा चाकू फिरवला की लाकूड खरखरीत होतं आणि मग धरत नाही. पाचर चिरेत उतरवली, सालीला साल भिडवली, पट्टी आवळली, टोकाला मेण लावलं. सगळं मिळून दोन मिनिटं. एवढं दोन मिनिटांचं काम आणि त्यासाठी महिनाभर दारोदार. त्याला इतका राग आला की तो तिथेच पंपाच्या घरघरीत मोठ्याने एक शिवी देऊन मोकळा झाला.

बाकीच्या काड्या लताने मोरीतून उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. त्याने अडवलं नाही.

अठराव्या दिवशी डोळा फुगला. बाविसाव्या दिवशी त्यातून गुलाबी लव असलेलं टोक बाहेर आलं. ऑक्टोबरच्या उन्हात धोंडिराम रोज दुपारची भाकरी पंपाच्या खोलीमागे बसून खायला लागला. खालून डॉगरिजचे फुटवे जोरात यायचे, ते तो नखाने खुडायचा. ते राहिले तर वरच्याला उपाशी मारतात. पानं उघडली. कातरलेली, पाच बोटांची. एक दिवस लता डबा द्यायच्या निमित्ताने आली, तेव्हा त्याने तिला मागे नेलं.

"एवढुसंच?" ती म्हणाली. मग वाकून तिने पान हातात घेतलं. "निराळं दिसतंय खरं."

"जानेवारीपर्यंत पुरुषभर होईल. मॅडमला आणून दाखवणार मी. चाळिसावीशेजारी एकोणचाळिसावी. मग कोण बोलतं बघतो."

"आधी त्याला बघू तर द्या मोठं झालेलं," लता म्हणाली, पण ती जाताना पुन्हा एकदा वळून बघून गेली.

डिसेंबरात साखरपुडा झाला. मांडवाला दिव्यांच्या माळा लागल्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मिथुन एक टेम्पो घेऊन आला. त्यात काळ्या द्राक्षांच्या पेट्या होत्या.

"दादा, मॅडमनी डोकं लढवलंय. घड बांधायचेत. पाहुण्यांनी कात्रीने कापले की झालं हार्वेस्ट. तू द्राक्षाचा माणूस, कसे लोंबतात तुला माहीत. झकास दिसलं पाहिजे."

धोंडिरामने पेटी उघडली. लांबट, गच्च फुगवलेले मणी. खायची द्राक्षं, सटाण्याकडची लवकर धरलेली. वाइनशी ह्यांचा काही संबंध नव्हता आणि शिराझशी तर त्याहून नव्हता.

"मी नाय बांधणार."

"अरे यार." मिथुनने आवाज खाली आणला. "तुझं परमनंटचं पत्र तयार आहे. कंत्राटातून काढून सोसायटीच्या रोलवर घेतायत तुला, मॅडमनी स्वतः भांडून केलंय. तू नाही म्हणालास तर मी बांधीन, माझ्या हाताने कशी बांधली जातील बघ. चार घड गळ्यात पडतील लोकांच्या."

शनिवारी दिवसभर धोंडिराम शिडीवर होता. हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याने एकेक घड देठापाशी बांधायचा, गाठ पानाआड लपवायची, घडाला थोडं तिरकं करायचं, कारण खरा घड कधी सरळ लोंबत नाही. मान आखडली, काखेत घाम साचला. हात सवयीने चोख काम करत होते याचीच त्याला जास्त चीड येत होती. संध्याकाळी खाली उतरून त्याने वर पाहिलं. मांडव भरलेला होता. एखाद्या नवख्याला खरंच वाटलं असतं.

रविवारी दुपारी पाहुणे आले. कंपनीकडून जान्हवी नावाची मुलगी आली होती, विशीपंचविशीची. तिने बाटल्या मांडल्या, ग्लास ओतले आणि सांगायला लागली. पाथरटेंभीचा उतार, खडकाळ माती, दिवसाचं ऊन, रात्रीची थंडी, शिराझचा मिरीसारखा तिखटपणा, त्याला कॅबर्नेने दिलेला कणा. "आणि ही सगळी झाडं स्थानिक कारागिरांनी हाताने कलम केलेली आहेत," ती म्हणाली.

"आमचे धोंडिराम तिथलेच!" मृणालिनी मॅडमनी त्याला पुढे ओढलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याच्यापुढे ग्लास धरला. त्याने छातीशी हात नेऊन नको म्हटलं. घरात पंचशील होतं, दारूचा थेंब कधी आला नव्हता. हजारो वेली भरल्या, पण त्यांची चव कशी असते हे त्याला ठाऊक नव्हतं.

एका बाईंनी बांधलेल्या घडातला मणी खाल्ला. "खरंच, मिरी लागते हं थोडी!" दोघातिघांनी माना डोलावल्या.

जान्हवी मांडवाखाली गेली. तिने एक पान उलटं करून पाठीवरची लव अंगठ्याने चोळली, मग घडामागची गाठ पाहिली. ती धोंडिरामच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काका, हा डॉगरिज आहे ना?"

पाच महिन्यांत इथे हे दुसऱ्या माणसाच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकत होता. "व्हय, ताई. सगळाच्या सगळा. तुमी सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

तिने पाहुण्यांकडे पाहिलं, बाटल्यांकडे पाहिलं. "आज नको, काका. मला इथे ऑर्डर न्यायचीय," ती म्हणाली. "गाठी मात्र छान मारल्यात तुम्ही." आणि ती पुढच्या ग्लासांकडे गेली.

सोमवारी सकाळी उरलेले घड उतरवायचं काम होतं. रात्रीत ते लोंबून मऊ पडले होते, मुंग्या चढल्या होत्या, फरशीवर चिकट डाग. धोंडिरामच्या खिशात पत्र होतं. लताने ते चेतनाकडून दोनदा वाचून घेतलं होतं. पण त्याचं चित्त पत्रात नव्हतं. आज मॅडम खूश होत्या. आज त्यांना हाताला धरून पंपाच्या खोलीमागे नेलं असतं तर त्या आल्या असत्या. जान्हवीला माहीत होतं, म्हणजे हे खरं होतं, आणि खरं दाखवायला त्याच्याकडे वेल होती.

साखरपुड्याचे दिवे उतरवणं, द्राक्षांच्या पेट्या, शिड्या, या धबडग्यात आठवडाभर तो मागे फिरकला नव्हता. तो भरभर मागे गेला.

जमिनीपासून फूटभर बुंधा उरला होता. वर स्वच्छ, तिरका काप. कलमाची जागाच कापलेली. पट्टी नाही, आधाराची काठी नाही, कातरलेलं एक पान नाही.

"मिथुन!"

मिथुन हात पुसत आला. धोंडिरामचा चेहरा बघून तो दचकलाच.

"हे कुणी केलं?"

"मी केलं. बुधवारी. अरे मुकुल साहेब राउंडला येणार होते, आणि ते तुझं प्लॅस्टिक गुंडाळलेलं, काठीला बांधलेलं, पानं पण पिवळी पडलेली. आजारी वाटत होतं. बाकीच्या कशा भरलेल्या! म्हटलं दादा हार्वेस्टच्या तयारीत गुंतलाय, आपण साफ करून देऊ."

"अरे, ती एकच खरी होती रे!" धोंडिरामचा आवाज फाटला. "थंडीत पिवळी पडणार नाय तर काय! एवढ्या मांडवात एकच खरी होती, आन तू तीच..." तो बुंध्याशी मटकन बसला.

मिथुनला काही कळलं नाही, पण वाईट वाटलं. तोही शेजारी उकिडवा बसला आणि त्याने बुंध्याकडे बोट दाखवलं. "मेलेलं नाहीये, दादा. हे बघ ना. पाच दिवसांत कसं फुटलंय."

कापाच्या खाली तीन कोंब आले होते. जाड, हिरवेगार, जोमदार. पानं उघडत होती. गोल, बदामाच्या आकाराची.

"म्हणूनच सांगतो, वाळकं काढून टाकलं की झाड मोकळं होतं," मिथुन म्हणाला. "मॅडम म्हणाल्या ह्याला पण वर चढवून दे, तो कोपरा ओका दिसतो. दादा, पुढच्या वर्षी दुप्पट घड बांधायचे म्हणतायत."

तो उठून गेला. पंप घरघरत राहिला. मृणालिनी मॅडम समोरच्या बाल्कनीतून हात हलवत होत्या, छान झालं म्हणून. धोंडिरामने शनिवारचं नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ खिशातून काढलं, तिन्ही कोंबांतला सगळ्यात जाड निवडला आणि तो तारेकडे वळवून बांधायला घेतला. दोरा अजून पुष्कळ उरला होता.